दुष्परिणाम : गोळीचे आणि मौनाचे

रक्तदाबाची गोळी आपण चारचौघांत, पानाशेजारी पाण्याचा पेला ठेवून, उजळ माथ्याने घेतो. मधुमेहाचे तर विचारूच नका. दोन मधुमेही भेटले की पूर्वी जसे मुलांचे मार्क विचारीत तसे एकमेकांच्या साखरेचे आकडे विचारतात, आणि कमी आकडेवाला जरा ताठ बसतो. पण नैराश्याच्या आजारावरची, ज्याला आता खेड्यापाड्यांतही 'डिप्रेशन' म्हणतात त्यावरची गोळी मात्र आमच्या घरांतून कपाटात, साड्यांच्या घडीखाली राहते. ती घेणारा माणूस चोरासारखा घेतो, आणि तिचा त्रास झाला तर तो चोरीच्या मालासारखा लपवतो.

मी ही गोळी २०१९ च्या श्रावणापासून घेते आहे. एस्सिटालोप्राम, १० मिलिग्रॅम, सकाळच्या न्याहारीनंतर. छत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले, तेव्हा आकडा सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. सणासुदीला हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना माझे उत्तर असे की घरातली सगळी माणसे वर्षातून एकदा एका छपराखाली येतात ती याच चार दिवसांत, आणि "सोड ग त्या गोळ्या" हा फुकटचा सल्ला सर्वांत जास्त वाटला जातो तोही याच चार दिवसांत, चकलीच्या ताटाबरोबर.

त्या सल्ल्याशी माझे भांडण आहेच. पण त्याहून मोठे भांडण आहे ते गोळी देणाऱ्यांशी. कारण सल्ला देणाऱ्या आत्याबाईंच्या हाती शस्त्र कोणी दिले? ज्याने गोळी लिहून देताना "काही होत नाही हो, घ्या बिनधास्त" असे म्हटले, त्यानेच. मला हेच सांगितले गेले होते. कागदावर नाव, खाली सही, बाहेर पुढचा रुग्ण उभा. तिसऱ्या दिवशी सकाळी मला एवढी मळमळ सुटली की पोह्यांना फोडणी दिल्याचा वास सहन होईना. रात्री झोप तुटक, स्वप्ने भलतीच रंगीत, दुपारी कारण नसताना जांभयांवर जांभया, आणि अंगात एक विचित्र चुळबुळ, जणू कोणी आत बसून पाय हलवतो आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आजार डोक्यात चढला." आमचे दीर म्हणाले, "औषध विषारी आहे." दोघांपैकी एकाचेही म्हणणे खरे नव्हते. हा त्या जातीच्या औषधांचा ठरलेला, पुस्तकात छापलेला, पहिल्या एकदोन आठवड्यांचा त्रास होता; पुष्कळांना होतो आणि बहुतेकांचा आपोआप ओसरतो. माझा अकराव्या दिवशी ओसरला. पण ते अकरा दिवस मी कोणत्या आधारावर काढावयाचे होते? माझी भाची परिचारिका आहे, तिने फोनवर चार वाक्ये सांगितली म्हणून मी टिकले. ज्यांना अशी भाची नाही त्यांनी काय करावे?

ते काय करतात हे मला ठाऊक आहे, तुम्हालाही असेल. ते पाचव्या दिवशी गोळी कचऱ्यात टाकतात. या औषधांची गंमत अशी, म्हणजे ज्याला सोसावे लागते त्याला ती गंमत वाटत नाही, की त्रास आधी येतो आणि गुण मागाहून. मळमळ दोन दिवसांत हजर. मनावरचे मळभ विरळ व्हावयास दोन आठवड्यांपासून सहा आठवडे. पैसे आधी घेऊन माल महिन्याने देणाऱ्या दुकानदारासारखा हा व्यवहार आहे. दुकानदाराने निदान ही अट तरी पाटीवर लिहावी की नाही? पाटी नसली तर गिऱ्हाईक त्याला लबाड म्हणणार, आणि तो लबाड नसतानाही म्हणणार.

यावर डॉक्टरमंडळींचे एक उत्तर तयार असते, आणि ते अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, "बाई, सांगितले की भीतीनेच होते." खरे आहे. औषधांच्या चाचण्यांत ज्यांना नुसती खोटी, औषध नसलेली गोळी दिलेली असते त्यांच्यातही मळमळ आणि डोकेदुखी सांगणारे निघतात. मन शरीराला अशी शिकवण देते हे मी नाकारत नाही. पण या युक्तिवादात एक गृहीत दडलेले आहे: न सांगितले तर रुग्ण काही कल्पनाच करणार नाही. असे होत नसते. त्रास आल्यावर माणूस त्याला कारण शोधतोच. खरे कारण हाती नसले तर खोटे घेतो. तो म्हणतो आपण वेडे होत चाललो, किंवा म्हणतो डॉक्टरने फसवले. या दोन भीतींपेक्षा "पहिले दहा दिवस मळमळेल, पोटात काही असताना घ्या, झोप उडाली तर सकाळी घ्या, सुस्ती आली तर मला विचारून रात्रीवर न्या, आणि अमुक झाले तर तडक फोन करा" ही भीती पुष्कळ स्वस्त पडते.

तो 'अमुक' काय, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००४ साली या औषधांच्या वेष्टणावर सर्वांत ठळक इशारा छापावयास लावला, की मुलांत आणि किशोरांत सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. २००७ साली तो इशारा चोविशीपर्यंतच्या तरुणांपर्यंत वाढवला. याचा अर्थ तरुणांना औषध देऊ नये असा नाही. नैराश्यच माणसाला तिकडे ओढत असते. अर्थ एवढाच की पहिले काही आठवडे, आणि मात्रा बदलली की पुन्हा, घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून बसावे. मूल एकाएकी अस्वस्थ, चिडखोर, झोप नसूनही तरतरीत दिसू लागले तर "औषध लागू पडले हो" म्हणून पेढे वाटू नयेत, डॉक्टरांना कळवावे. कधी कधी तो मुळात दोन टोकांचा, उन्माद आणि नैराश्य असा आजार असतो आणि नुसत्या या गोळीने तो उन्मादाकडे झुकतो. पण ज्या घराला गोळी चालू आहे हेच ठाऊक नाही, ते घर पहारा कसा देणार?

घरच्यांचे निरीक्षण ही काही फालतू गोष्ट नव्हे. या औषधांचा इतिहासच त्याची साक्ष देतो. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या क्षयाच्या रुग्णालयात इप्रोनियाझिड नावाचे औषध देताना दिसले की आजारी माणसे हसू-बोलू लागली, त्यांना भूक लागू लागली. क्षयासाठी आणलेले औषध मनाचे निघाले. त्याच कुळातल्या औषधांनी पुढे काही रुग्णांना भयंकर डोकेदुखी होऊ लागली, रक्तदाब उसळू लागला, कोणी दगावलेही. कारण कोणाला उमगेना. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या इस्पितळातल्या एका फार्मासिस्टने लिहून कळवले की आपल्या पत्नीला चीज खाल्ले की हा त्रास होतो. ऐकणाऱ्यांना ते हास्यास्पद वाटले. पण बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टराने पाठपुरावा केला आणि १९६३ साली चीजचा संबंध प्रसिद्ध केला. मुरवलेल्या चीजमध्ये टायरामिन नावाचे द्रव्य असते; एरवी आपले आतडे ते मोडून टाकते, पण हे औषध नेमके ते मोडण्याचे कामच बंद पाडते. हा शोध एका घरातल्या जेवणाच्या टेबलावर सुरू झाला, आणि लागला तो नवऱ्याने बायकोचे दुखणे गांभीर्याने घेतले म्हणून. आमच्याकडे त्याने "तुझे आपले काहीतरीच" म्हटले असते, आणि शास्त्र काही वर्षे मागे राहिले असते.

आमच्याच घरातले उदाहरण सांगते. माझ्या मोठ्या जाऊबाई पंचाहत्तरीच्या. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी वर्षानुवर्षे चालू. भाऊजी गेल्यानंतर त्यांनी अंथरूण धरले, तेव्हा त्यांना नैराश्यावरची गोळी सुरू झाली. तीन आठवड्यांत बाई बडबडू लागल्या, तोल जाऊ लागला, पुरणपोळीचे पीठ भिजवताना मीठ दोनदा पडले. घरच्यांचा निकाल तयार: वय झाले. मी म्हटले, रक्तातले सोडियम तपासा. तपासले, चांगलेच उतरले होते. वृद्धांत, विशेषतः अशी लघवीची गोळी जोडीला असताना, या औषधांनी सोडियम उतरते, हे कोणत्याही डॉक्टराला ठाऊक असलेले ज्ञान आहे. ते त्यांच्या मुलाला कोणी सांगितले नव्हते. औषध बदलले, सोडियम सावरले, जाऊबाई सावरल्या. तसेच दुखण्यावरच्या गोळ्यांचे. गुडघे दुखतात म्हणून आपण चण्याफुटाण्यासारख्या ज्या गोळ्या खातो, त्या किंवा ॲस्पिरीन या औषधांबरोबर घेतल्यास पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि ट्रामाडॉल नावाची वेदनाशामक गोळी यांच्याबरोबर घेणे तर वेगळ्याच कारणाने धोक्याचे. म्हणून दाताच्या डॉक्टरपासून हाडांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ही गोळी चालू असल्याचे सांगितले पाहिजे. आता सांगा, साड्यांच्या घडीखाली ठेवलेली गोळी कोण कोणाला सांगणार?

जुन्या पिढीतली जी औषधे आहेत, ज्यांचा पूर्वज इमिप्रामिन १९५७ साली स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी जगापुढे आणला, त्यांनी तोंडाला कोरड पडते, पोट साफ होत नाही, उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. ती स्वस्त आहेत, गुणकारीही आहेत, आणि आजही लिहून दिली जातात. पलंगावरून उठताना दोन मिनिटे कडेला बसावे, पाण्याचे घोट घेत राहावे, कोरड्या तोंडात दात लवकर किडतात म्हणून गोळ्या-चॉकलेटे चघळू नयेत, प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर आधी सांगावे: एवढे बोलायला किती वेळ लागतो? जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, कून यांच्या त्या म्युन्स्टरलिंगेनच्या रुग्णालयात कित्येक रुग्णांवर त्यांना नीट न सांगताच औषधांच्या चाचण्या झाल्या, असे स्विस इतिहासकारांनी २०१९ साली मांडले. न सांगण्याची रीत या औषधांच्या बारशापासूनची आहे.

आता त्या दोन दुष्परिणामांकडे वळते, ज्यांच्यामुळे माणसे महिनोन्महिने चाललेली औषधे सोडतात आणि कारण मात्र दुसरेच सांगतात. एक वजन. सगळ्यांनीच वाढते असे नाही. पण मिर्टाझापिनसारख्या औषधाने भूक खवळते आणि वजन पुष्कळांचे वाढते. आमच्या नात्यातल्या एका मुलीचे वर्षात नऊ किलो वाढले. दोन वर्षे जी पोर खोलीबाहेर येत नव्हती, ती गेल्या दिवाळीला रांगोळी काढावयास बसली, तर आल्या-गेल्या प्रत्येकाचे पहिले वाक्य काय? "अग, केवढी सुटलीस!" बसली आहे, बोलते आहे, रंग भरते आहे, हे एकालाही दिसले नाही. भाऊबीजेनंतर तिने गोळी बंद केली, आणि संक्रांतीला ती पुन्हा खोलीत होती. औषध बदलता आले असते. आहार, चालणे, दुसरी गोळी, सगळे वाटेत होते. पण तेवढा दम तिच्यात उरला नव्हता, कारण तो पाहुण्यांनी लाडवाबरोबर खाल्ला. वाचकहो, यंदा एवढे करा: कोणाच्याही जाडीविषयी ब्र काढू नका. तुमचे काही बिघडणार नाही.

दुसरा दुष्परिणाम शय्यागृहातला. इच्छा मंदावणे, सुख लांबणे किंवा मुळीच न मिळणे, हा या गोळ्यांचा अतिशय सर्रास आढळणारा परिणाम आहे आणि तो मळमळीसारखा दहा दिवसांत जाईलच असा भरवसा नाही. कौटुंबिक अंकात हे लिहू नये असे ज्यांना वाटते, त्यांना मी आठवण देते की र. धों. कर्व्यांनी याच महाराष्ट्रात १९२७ पासून १९५३ साली देह ठेवीपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. त्यानंतर सत्तरांहून अधिक वर्षे लोटली, आणि आजही नवरा डॉक्टरपुढे ही गोष्ट काढीत नाही. बायकोला तर कोणी विचारीतच नाही, तिला असे काही असते हेच गृहीत नाही. मग नवऱ्याला वाटते बायकोचे मन उडाले, बायकोला वाटते याचे बाहेर काही आहे. संसार मोडकळीस येतो तो दहा मिलिग्रॅमच्या एका गोळीपायी, आणि त्यावर मात्रा कमी करणे, औषध बदलणे, दुसरे जोडणे असे उपाय असताना. डॉक्टरने स्वतः होऊन विचारावे. रुग्णाने विचारण्याची वाट पाहणे म्हणजे ओठ शिवलेल्या माणसाकडून गाण्याची अपेक्षा करणे.

अलीकडे शिकलेल्या लोकांत एक तिसरा सूर निघाला आहे. २०२२ साली लंडनच्या डॉक्टर जोआना मॉनक्रिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने संशोधन तपासून म्हटले की नैराश्य मेंदूतल्या सेरोटोनिनच्या कमतरतेने होते याला सबळ पुरावा नाही. झाले! व्हॉट्सॲपवर निकाल लागला: गोळ्या थोतांड. अहो, ॲस्पिरीन १८९९ पासून बाजारात आहे. ती वेदना कशी थांबवते हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. तोवरची बहात्तर वर्षे लोकांची डोकी काय श्रद्धेने थांबत होती? औषध का लागू पडते आणि औषध लागू पडते का, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये आले: ५२२ चाचण्या, एक लाख सोळा हजारांहून अधिक रुग्ण, २१ औषधे, खोट्या गोळीपेक्षा सगळी सरस, बहुतेकांचा फरक माफक. माफक हा शब्द मी मुद्दाम ठेवते. ज्यांना अमृत विकावयाचे आहे ते तो गाळतात, आणि ज्यांना विष म्हणावयाचे आहे ते 'सरस' गाळतात. माझ्यापुरते म्हणाल तर त्या माफक फरकाने मला आंघोळ करावीशी वाटू लागली.

आणि सोडण्याविषयी. "सवय लागते" असे जे म्हणतात त्यांच्या बोलण्यात एक दाणा सत्याचा आहे, आणि तो दाणा डॉक्टरांनी लपवला म्हणून त्याचे झाड झाले. दारूसारखी ओढ या गोळीची लागत नाही. मात्रा वाढवीत जावी असे वाटत नाही. पण एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्ने, डोक्यात विजेची कळ गेल्यासारखे झटके, हे होऊ शकते. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन यांत अधिक. फ्लुओक्सेटिन अंगातून फार सावकाश जाते म्हणून त्यात कमी. २०२४ साली जर्मन संशोधकांनी हिशेब मांडला की औषध थांबवणाऱ्या शंभरांत सुमारे ३१ जणांना काही ना काही होते. पण खोटी गोळी थांबवणाऱ्यांतही १७ जणांना होते. म्हणजे खरोखर औषधामुळे होते ते साधारण सहासात जणांत एकाला. टीकाकार म्हणतात की वर्षानुवर्षे घेणारे त्या हिशेबात थोडेच होते, आणि मला तो आक्षेप रास्त वाटतो. उपाय एकच: हळूहळू उतरणे. येथे माझे गणित मला उपयोगी पडले. मात्रा निम्मी केली की मेंदूवरचा परिणाम निम्मा होत नाही. तो वक्र अपास्तासारखा असतो, वरच्या मात्रांना सपाट आणि तळाशी एकदम उतार. म्हणून शेवटच्या पायऱ्याच सर्वांत लहान पाहिजेत, हे होरोविट्झ आणि टेलर यांनी २०१९ साली समजावून सांगितले. आमच्याकडे काय करतात? दहाची पाच, पाचची शून्य, आणि चक्कर आली की "पाहा, आजार उलटला." तो उलटला की नुसती गोळीची आठवण आहे, हे ओळखण्याची एक खूण अशी की सोडल्याचा त्रास बहुधा काही दिवसांतच येतो आणि मुळात नसलेली लक्षणे घेऊन येतो, तर आजार पावलांचा आवाज न करता आठवड्या-महिन्यांनी परततो. अर्थात खूण म्हणजे निदान नव्हे. आणि सगळ्या गोळ्या तोडून घेता येत नाहीत, कॅप्सूल आणि सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या तर नाहीतच. उतरावयाचे ते डॉक्टरला बरोबर घेऊन.

ज्यांना हे सगळे रुग्णाला सांगणे म्हणजे उपकार वाटतो, त्यांच्यासाठी कायदा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याचे बाविसावे कलम म्हणते की रुग्णाला उपचार कोणता आणि त्याचे ज्ञात दुष्परिणाम कोणते हे कळण्याचा अधिकार आहे, आणि तेही त्याला समजेल अशा भाषेत. आमच्या औषधाच्या पाकिटावर मुंगीएवढी इंग्रजी अक्षरे असतात आणि मराठीत चार ओळींचा कागद मिळत नाही. मी आमच्या गावातल्या तीन दवाखान्यांत असा कागद मागितला. एका ठिकाणी हसले, एका ठिकाणी "नेटवर बघा" म्हणाले, तिसऱ्या ठिकाणच्या तरुण डॉक्टरबाईंनी पाठकोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून दिले. मी घड्याळ पाहिले होते. त्यांना चार मिनिटे लागली. तुम्हाला त्रास झाला तर तुम्ही स्वतःही कळवू शकता. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा केंद्र सरकारचा उपक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचा फोन क्रमांक १८००-१८०-३०२४, पैसे पडत नाहीत. आणि मन फारच काळवंडले, जगू नये असे वाटू लागले, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. मराठीतूनही बोलता येते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसले की नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचतच नाही. पाहणी बारा राज्यांत झाली, त्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपण फार निराळे असू असे मला वाटत नाही. म्हणजे पंधराच जण त्या दारापर्यंत येतात, घरच्यांशी भांडून, स्वतःशी भांडून. त्यांतले किती पाचव्या दिवशी परत फिरतात याचा हिशेब मागावयाचा तो मी आत्याबाईंकडे मागत नाही. डॉक्टरबाईंचा तो पाठकोरा कागद मी आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्याच्या छापखान्यात नेऊन त्याच्या पाचशे प्रती काढल्या आहेत. खाली त्यांची सही नाही, कारण त्यांनी ती घालू दिली नाही. आपल्या वरिष्ठांना आवडणार नाही, असे त्या म्हणाल्या.